बाँब मुंबईवर, आराखडा रत्नागिरीचा

मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात केंद्रीय गृह मंत्रालयाने देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव घ्यायला सांगितला. ७ मे ही तारीख, 'ऑपरेशन अभ्यास' हे नाव. महाराष्ट्रातली सोळा ठिकाणं यादीत होती. मुंबई, उरण, तारापूर पहिल्या वर्गात. ठाणे, पुणे, नाशिक वगैरे दुसऱ्या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग तिसऱ्या. आमच्या कट्ट्यावर एकाने लगेच विचारलं, "इथेही आपण तिसऱ्याच वर्गात?" रत्नागिरीकराला अपमान कशातही सापडतो.

मी महसूल खात्यात कोकणातल्या काही तालुक्यांत नोकरी केली आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. पूर, दरड, वादळ यांचे आराखडे लिहिण्यात आणि मग ते पावसात भिजताना बघण्यात हयात गेली. निवृत्तीनंतर हौसेने नागरी संरक्षणाचं प्रशिक्षण घेतलं. आग विझवणं, दोरीच्या गाठी, जखमीला उचलणं हे सगळं माणसं उत्साहाने शिकतात. अणुहल्ल्याचा भाग आला की कुणी मोबाईल काढतं, कुणी चहाचं विचारतं. त्या भागाबद्दल मला जे कळलं आणि जुन्या नोकरीच्या अनुभवावर घासून जे टिकलं, ते पुढे लिहितो.

१. बाँब आपल्यावरच पडणार असं धरून बसू नका.

प्रशिक्षणात नकाशावर वर्तुळं काढतात. मध्ये रत्नागिरीचा जयस्तंभ, मग एक किलोमीटर, तीन, पाच. सगळ्यात आतल्या वर्तुळात नगर परिषदेने काय करायचं, याचं प्रामाणिक उत्तर 'काही नाही' असं आहे. हिरोशिमावरचा बाँब सुमारे १५ किलोटनांचा, म्हणजे आजच्या मानाने लहान. तरी शहरातले ९० टक्के डॉक्टर आणि परिचारिका मेल्या किंवा जखमी झाल्या. ज्यांनी वाचवायचं तेच ढिगाऱ्याखाली. जी मदत मिळाली ती बाहेरून आली.

तेव्हा रत्नागिरीने आपला विचार बाहेरचं गाव म्हणून करावा. कुठल्या शहराच्या बाहेरचं, हे कोकणात विचारावं लागत नाही. मंडणगड मुंबईपासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर, रत्नागिरी शहर सव्वादोनशेच्या पुढे. एवढ्या अंतरावर धक्का नाही, आग नाही. येतील ती माणसं.

सरावाच्या त्या संध्याकाळी डोंबिवलीहून पुतणीचा फोन आला. "काका, गावच्या घराची चावी तुमच्याकडेच आहे ना?" मी म्हटलं, अगं, सराव आहे. ती म्हणाली, "ते माहितीय हो. पण खरंच काही झालं तर आम्ही निघतो, सांगून ठेवते." असा फोन त्या दिवशी कोकणातल्या किती घरांत वाजला असेल, याचा अंदाज कुठल्याही आराखड्यात नाही, आणि माझ्या मते आराखड्याचं पहिलं पान तेच असायला हवं.

हे नवीन नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गेली. गिरण्यांतला मोठा कामगारवर्ग रत्नागिरी जिल्ह्यातला, तो बोटींनी आणि पायी घरी आला. मे २०२० मध्ये तेच झालं. कोरोनाच्या टाळेबंदीत चाकरमानी आले, पास घेऊन आले, पास न घेता आले, रात्री डोंगरातून चालत आले. त्यांना शाळांमध्ये ठेवायचं, जेवण द्यायचं, गावकऱ्यांशी भांडण होऊ द्यायचं नाही, हे सगळं सरपंच, पोलीस पाटील, आशाताई आणि ग्राम कृती दलांनी केलं. कुणी त्याला नागरी संरक्षण म्हटलं नाही. माझ्या आयुष्यात मी पाहिलेलं सगळ्यात मोठं नागरी संरक्षण तेच.

गणपतीला एसटी हजारो जादा गाड्या सोडते आणि महामार्गावर माणूस रात्रभर अडकतो. पण गणपतीला येणारा परत जायची तारीख ठरवून येतो. या येणाऱ्यांकडे परतीचं तिकीट नसेल, आणि काहींच्या अंगावर भाजल्याच्या जखमा असतील. म्हणून जिल्ह्याच्या वेशीवरच्या कशेडी आणि म्हाप्रळ या दोन नाक्यांवर काय उभं करायचं, हे रत्नागिरी शहरात सायरन किती बसवायचे यापेक्षा आधी ठरायला हवं. पाणी, आडोसा, कपडे, नावं लिहिणारी माणसं, आणि कुठला तालुका किती माणसं घेणार याचा तक्ता. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, सप्टेंबर १९३९ मध्ये, ब्रिटनने तीन दिवसांत सुमारे १५ लाख माणसं, बहुतेक शाळकरी मुलं, शहरांतून खेड्यांत हलवली. ते जमलं कारण कुठल्या गावात कोण मुलं घरी ठेवून घेणार, याची मोजणी आधी झाली होती. आपल्याकडे एक बरं आहे. कोण कुणाच्या घरी जाणार हे प्रत्येकाला आधीच ठाऊक आहे. फक्त ते लिहिलेलं नाही.

२. आलेल्या माणसाला घाबरायचं नाही, त्याच्या कपड्यांना घाबरायचं.

२०२० मध्ये काही वेशींवर झाडं आडवी टाकली गेली, हे सगळ्यांना आठवत असेल. तेव्हा निदान रोग संसर्गाचा होता. किरणोत्सर्गाचं तसं नाही. ज्याच्यावर किरणं पडून गेली तो माणूस दुसऱ्याला काही लावत नाही. त्याच्या अंगावर, केसांत, कपड्यांत बसलेली धूळ मात्र धोक्याची. बाहेरचे कपडे उतरवून पिशवीत बांधून लांब ठेवले की बहुतेक धूळ गेली. मग साबणाने आंघोळ आणि केस धुणं. घासायचं नाही, कातडी सोलवटू द्यायची नाही. एवढं झालं की त्याला घरात घ्या आणि पेज द्या.

हे आधी सांगितलं नाही तर काय होतं? १९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात भंगारातून आलेल्या सीझियममुळे चार माणसं दगावली. त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या अंत्ययात्रेवर लोकांनी दगड मारले. जपानमध्ये बाँबमधून वाचलेल्यांना पुढे लग्नासाठी स्थळं मिळेनात. आपली माणसं याहून वेगळी वागतील असं मला वाटत नाही. म्हणून हा धडा आशाताईंच्या प्रशिक्षणात आत्ताच घालावा, बाँबची वाट न बघता. विहिरीवर दोन बादल्या पाणी अंगावर घेऊन मगच घरात शिरण्याची रीत कोकणात नवी नाही. सुतकाची आंघोळ करणाऱ्याला हे समजावून सांगायला मिनिटभर पुरतं.

३. पहिले दोन दिवस घर सोडायचं नाही. हे एकच कळलं तरी निम्मं काम झालं.

जमिनीवर किंवा जमिनीलगत स्फोट झाला की माती उडते, वर जाते, किरणोत्सारी होते आणि वाऱ्याबरोबर खाली येते. या धुळीचा एक सोपा हिशेब आहे. वेळ सातपट झाली की किरणोत्सर्ग दहापट कमी होतो. स्फोटानंतर एका तासाने जेवढा असेल, त्याचा सात तासांनी दहावा हिस्सा उरतो, ४९ तासांनी शंभरावा, दोन आठवड्यांनी हजारावा. म्हणजे सगळ्यात वाईट वेळ पहिल्या दिवसाची. नेमकी तीच वेळ माणसं रस्त्यावर घालवतात, कारण भीती माणसाला चालायला लावते.

मुंबईहून धूळ आपल्याकडे येईलच असं नाही. पावसाळ्यात खालचा वारा समुद्राकडून घाटाकडे जातो, हिवाळ्यात तो उत्तरेकडून आणि जमिनीकडून येतो, आणि उंचावरचे वारे आणखी वेगळे. पण वारा ताशी ३० किलोमीटर धरला आणि दिशा आपल्या वाईटावर असली, तर रत्नागिरी शहरापर्यंत यायला सात-आठ तास लागतील. तोवर तिचा जोर बराच उतरलेला असेल. मंडणगड-दापोलीला एवढी सवड नाही. म्हणून जिल्ह्याला एकच सूचना देऊन चालणार नाही, उत्तरेच्या तालुक्यांना वेगळी आणि आधी द्यावी लागेल.

घरात म्हणजे कुठे? किरणं अडवते ती वस्तूची जाडी आणि वजन. सुमारे सहा सेंटिमीटर काँक्रीट किंवा नऊ सेंटिमीटर घट्ट माती मध्ये आली की किरणं निम्मी होतात, तेवढीच आणखी घातली की त्याच्या निम्मी. आता आपलं जुनं घर बघा. जांभ्याच्या जाड भिंती, पुढे ओटी-पडवी, मागे पडवी, आणि मधोमध माजघर, ज्याला बाहेरची भिंतच नाही आणि बहुधा खिडकीही नाही. दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागतो म्हणून ज्या माजघराला नव्या सुनांनी नावं ठेवली, ते धुळीपासून लपायला घरातली सगळ्यात चांगली जागा आहे. कमजोर आहे ते छप्पर. कौलांना वजन नाही आणि धूळ नेमकी त्यांच्यावरच बसणार. वर माळा असेल आणि त्यावर भाताची पोती असतील तर फरक पडतो. नव्या स्लॅबच्या घरात तळमजल्यावरची मधली खोली धरा. तीन मजली इमारतीत मधल्या मजल्यावरचा जिन्याजवळचा भाग. सगळ्यात वाईट जागा पत्र्याची शेड, आणि आपली निवारा केंद्रं म्हणून कागदावर दाखवलेल्या सभागृहांची छपरं पाहा एकदा.

दोन दिवस घरात म्हटलं की पाणी आलं. उघड्या विहिरीवर आत्ताच पत्रा किंवा फळ्या टाकायची सोय करून ठेवावी. धूळ पाण्यावर पडू नये एवढंच बघायचं, खालचं पाणी चांगलं असतं. मे महिन्यात मात्र विहिरीच तळाला गेलेल्या असतात आणि वाड्यांना टँकर लागतो. टँकरचा चालक घरात बसला तर वाडीने काय प्यायचं? यावर मला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

आणि बेगमी. पावसाळ्याआधी तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं, सुकी मासळी, पापड-सांडगे, सरपण भरून ठेवणाऱ्या आजीला दोन आठवडे घराबाहेर पडू नको म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, "मग? एरवी कुठे पडते?" आता दूध, भाजी घाटावरून रोज येते. आंबा घाट दरडीने बंद झाला की दुसऱ्याच दिवशी बाजारात भाव चढतो. म्हणजे जिल्ह्याचा साठा किती, याची चाचणी दर पावसाळ्यात होतेच.

४. मिठाने काही होत नाही.

मार्च २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुभट्टी अपघातानंतर चीनमध्ये लोकांनी आयोडिनयुक्त मीठ दुकानांतून उचलून नेलं. त्याचा उपयोग शून्य. पोटॅशियम आयोडाइडची गोळी वेगळी. तीही फक्त गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला किरणोत्सारी आयोडिनपासून वाचवते, मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी महत्त्वाची, आणि वेळेवर घेतली तरच. दुधाचं मात्र खरं आहे. १९५७ साली ब्रिटनमधल्या विंडस्केल अणुभट्टीला आग लागली तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून टाकावं लागलं होतं. गाय चरते, धूळ गवतावर, तिथून दूध. तेव्हा गाय गोठ्यात बांधायची आणि साठवलेला पेंढा घालायचा.

५. सायरन पोचतो कुठपर्यंत, हे सड्यावर उभं राहून बघा.

इशाऱ्याचा भोंगा वर-खाली होतो, धोका टळल्याचा एका सुरात वाजतो. हे पाठ करायला सोपं. पण कोकणातलं गाव एका जागी नसतं. बारा वाड्या, मध्ये परे, दोन सडे, एक डोंगर. नगर परिषदेच्या गच्चीवरचा भोंगा मारुती मंदिरापर्यंत छान ऐकू येईल. पुढच्या दरीतल्या वाडीला तो ऐकू येत नाही, आणि ऐकू आला तरी बर्फाचा कारखाना सुटला असं वाटतं. गावात खरी चालते ती देवळाची घंटा, मशिदीचा लाऊडस्पीकर, शिमग्याचा ढोल आणि पोलीस पाटलाची मोटारसायकल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर मंडणगड-दापोलीत कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाईल मुके होते. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम ओरडले आणि पडद्यावर चाचणीचा इशारा आला, ती सोय उत्तम आहे. मनोरा उभा असेल तोपर्यंत.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे धोका टळल्याचा इशारा कधी द्यायचा. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमात सकाळी ७ वाजून ९ मिनिटांनी धोक्याचा भोंगा झाला. ७ वाजून ३१ मिनिटांनी धोका टळल्याचा. माणसं बाहेर आली, कामाला लागली. हजारो शाळकरी मुलं त्या दिवशी रस्त्यावर होती, आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायच्या कामावर. तेही नागरी संरक्षणच. बाँब सव्वाआठला पडला.

उलटही होतं. १३ जानेवारी २०१८ ला हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येत असल्याचा संदेश चुकून सगळ्या फोनांवर गेला आणि तो खोटा असल्याचा संदेश यायला ३८ मिनिटं लागली. चूक दुरुस्त करायचा मजकूर आधी तयार नव्हता. आपल्याकडे इशाऱ्याचे नमुने फायलीत असतात, माघारीचा नमुना मी कुठल्याच फायलीत पाहिला नाही. तो लिहायला अर्धं पान लागतं.

६. अंधार करून अणुबाँबपासून लपता येत नाही.

१९७१ च्या डिसेंबरात मी शाळेत होतो. कंदिलाच्या काचेला काळा कागद, गाड्यांच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग, आणि बिडी पेटवणाऱ्याला ओरडणारी पोरं. आमच्या वाडीत तेव्हा वीजच नव्हती, तरी आम्ही अंधार पाळला. विमानातून डोळ्यांनी बघून बाँब टाकायच्या काळातली ती शिस्त आहे. तिचा आज या बाबतीत उपयोग नाही. पण घराघरात जाऊन कागद लावला का विचारणारा वॉर्डन त्या निमित्ताने प्रत्येक घरात किती म्हातारी, किती लहान मुलं हे बघून यायचा. सराव घ्यायचाच तर त्यासाठी घ्यावा.

७. समुद्रावरच्या माणसाचा रकाना कुठे आहे?

१ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटावर १५ मेगाटनांचा हायड्रोजन बाँब उडवून पाहिला. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर एक जपानी मासेमारी बोट होती, दाइगो फुकुर्यू मारू, तेवीस खलाशी. काही तासांनी त्यांच्यावर पांढरी राख पडायला लागली. त्यांनी जाळी ओढली, राख झाडली, बंदरावर परत आले, मासळी बाजारात गेली. मग कळलं. बोटीवरचा बिनतारी यंत्र चालवणारा त्याच वर्षी सप्टेंबरात वारला, आणि जपानभर टूना मासळी कुणी घेईना.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर ही गोष्ट सांगितली तर समजावून सांगावी लागत नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा कोकणातल्या कितीतरी बोटी समुद्रात होत्या आणि इशारा त्यांच्यापर्यंत वेळेत पोचला नाही. आता बोटींवर यंत्रं आहेत, तटरक्षक दल रत्नागिरीतच आहे. पण वादळात निरोप एकच असतो, किनाऱ्याला या. इथे तो उलटा असू शकतो. किनाऱ्यावर धूळ उतरत असेल तर बोटीने लांब दक्षिणेला जाणं शहाणपणाचं. बंदराकडे येऊ नका, असं बायको-मुलं बंदरावर असलेल्या माणसाला सांगायचं कुणी आणि कोणत्या शब्दांत? एका तांडेलाला मी विचारलं. तो म्हणाला, "रावसाहेब, सांगणारा आमचा असेल तर ऐकू. हापिसातला असेल तर येणारच." म्हणून मच्छीमार सोसायटीचा माणूस नियंत्रण कक्षात बसला पाहिजे, यादीत नाव असून चालणार नाही.

८. करबुड्याच्या बोगद्याचं स्वप्न सोडा.

प्रत्येक बैठकीत एकजण हे सुचवतोच. "कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. अख्खी रत्नागिरी त्यात मावेल." ऐकायला झकास. स्वित्झर्लंडने हे खरंच करून पाहिलं. १९६३ पासून तिथे प्रत्येक नागरिकाला बाँबपासून निवारा देण्याचा कायदा आहे, आणि ल्युसर्न शहरातल्या सोनेनबर्ग या महामार्गाच्या बोगद्यात २०,००० माणसांसाठी निवारा बांधला, १९७६ मध्ये. दारं दीड मीटर जाड, एकेक साडेतीनशे टनांचं. १९८७ ला सराव घेतला तेव्हा त्यातलं एक दार नीट लागेना. पुढे निवाऱ्याचा आकार लहान केला. स्विस लोकांचं दार लागत नाही, आणि आपण एकेरी रुळावर हजारो माणसं बसवायला निघालो. शिवाय मुंबईची माणसं ज्या गाडीने येणार ती त्याच रुळावरून येणार ना? पावसाळ्यात आतून पाणी ठिबकतं, हे वेगळंच. माजघर बरं.

९. फाईल वाचायची असेल तर शेवटून वाचा.

१९६८ च्या नागरी संरक्षण कायद्याखाली जिल्हाधिकारी हे नियंत्रक. खाली बारा सेवा: मुख्यालय, संदेशवहन, वॉर्डन, आग विझवणं, जखमी, सुटका, कल्याण, मालमत्तेचा बचाव, वाहतूक, पुरवठा, प्रशिक्षण आणि मृतदेहांची विल्हेवाट. २००९ साली कायदा दुरुस्त करून नैसर्गिक आपत्तीही त्यात घेतल्या. बैठकीत पहिल्या चार सेवांवर तासभर चर्चा होते. मृतदेहांचं पान कुणी मोठ्याने वाचत नाही. खरं तर नगर परिषदेचं आणि ग्रामपंचायतीचं काम तिथेच सुरू होतं. कुठली जमीन, कुठल्या धर्माच्या कोणत्या जाणत्यांना आधी विचारायचं, ओळख पटवायची नोंद कोण ठेवणार. दरडीनंतर हे काम मी केलेलं आहे. ज्या गावात ही बोलणी आधी झालेली होती तिथे रात्रभरात काम झालं, जिथे नव्हती तिथे जिवंत माणसं भांडली.

एका तालुक्याच्या आराखड्यात संपर्काच्या यादीवर अशा सरपंचाचं नाव होतं, ज्यांचा वर्षश्राद्धाचा कार्यक्रम होऊन गेला होता. यादी टंकणाऱ्या पोराला दोष नाही. त्याला मागच्या वर्षीची यादी दिली होती. तेव्हापासून मी याद्या शेवटच्या पानापासून तपासतो, कारण वरची पानं साहेब बघतात.

पैशाचं म्हणाल तर ९ मे २०२५ ला गृह मंत्रालयाने राज्यांना १९६८ च्या कायदा-नियमांतल्या अकराव्या कलमाची आठवण करून दिली. नागरी संरक्षणाच्या उपायांसाठी स्थानिक संस्थेचा निधी वापरता येतो आणि तो खर्च तिच्या बाकीच्या जबाबदाऱ्यांच्या आधी. तरतूद चांगली आहे. फक्त ती भोंगा वाजल्यावर आठवते, आणि विहिरीवरचे पत्रे तेव्हा बाजारात मिळत नाहीत.

१०. 'हे सगळं ढोंग आहे' म्हणणाऱ्याला बैठकीतून घालवू नका.

१९८० साली ब्रिटिश सरकारने 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' नावाची पुस्तिका छापली. दारं काढून भिंतीला तिरकी लावा, त्याखाली बसा, असा सल्ला. लोक हसले. मँचेस्टरच्या नगर परिषदेने त्याच वर्षी आपलं शहर अण्वस्त्रमुक्त असल्याचा ठराव केला, मागून कितीतरी परिषदा आल्या, आणि १९८२ चा 'हार्ड रॉक' नावाचा देशव्यापी सराव सरकारला रद्द करावा लागला, कारण कित्येक स्थानिक संस्थांनी भाग घ्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं होतं की आराखडा केला की लोकांना युद्ध झेपण्यासारखं वाटायला लागतं. ते मला पटतं. तरीही मी आराखडा करीन, कारण कशेडीला येणाऱ्या माणसाला ठरावाची प्रत देऊन भागणार नाही.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक पेच आहे. राजापूर तालुक्यात माडबनला जैतापूरचा अणुवीज प्रकल्प व्हायचा आहे, सहा अणुभट्ट्यांचा. एप्रिल २०११ मध्ये तिथल्या आंदोलनात गोळीबार झाला, एक माणूस गेला. तेव्हापासून त्या भागात किरणोत्सर्ग हा शब्द काढला की समोरचा आधी विचारतो, तुम्ही कुणाकडून? अणुवीज केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंत आणीबाणीचं नियोजन करावं लागतं आणि केंद्राच्या कुंपणाबाहेरचा तो आराखडा जिल्हा प्रशासनाचा असतो. म्हणजे बाँब असो की अपघात, घरात थांबा, कपडे उतरवा, विहीर झाका, हेच शिकवायचं. पण ते शिकवायला गेलं की प्रकल्पाच्या विरोधकाला वाटतं, हे प्रकल्प गळी उतरवतायत. समर्थकाला वाटतं, हे घाबरवतायत. नाटे-माडबनच्या परिसरात हे काम सरकारी माणसाने सुरू करू नये. शाळेतल्या बाईंनी करावं, वादळाच्या धड्याबरोबर.

ज्याला बाँब अजून गोष्टीतलाच वाटतो, त्याला मी एप्रिल २०१० मधली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजाराची हकिगत सांगतो. विद्यापीठातलं एक जुनं यंत्र भंगारात विकलं गेलं, त्यात कोबाल्ट-६० होतं, आणि ते फोडणाऱ्यांपैकी एकाचा जीव गेला. भंगारवाला रत्नागिरीतही आहे.

११. किल्ली.

निवारा केंद्र म्हणून प्रत्येक गावात जिल्हा परिषदेची शाळा लिहिलेली असते. सुट्टीत गुरुजी आपल्या गावी जातात. किल्ली कुणाकडे, याला उत्तर म्हणून मला 'मुख्याध्यापक', 'शिपाई', 'अंगणवाडीच्या ताई' आणि 'खिडकीचा गज निघतो' अशी चारही उत्तरं वेगवेगळ्या गावांत मिळाली आहेत. शेवटचं उत्तर देणारी मुलगी पाचवीत होती आणि तिने गज काढून दाखवला. तिच्या गावाच्या पानावर मी तसंच लिहिलं. वरिष्ठांनी ते खोडून 'मुख्याध्यापक' केलं.